लिहिलं म्हणजे दिलं

"‘गिव्हन’ला असं एकटं सोडायचं नाही, सिस्टर," शिंत्रे सर म्हणाले. "त्याच्या आधी ‘वॉज’ घाला, नाहीतर ‘हॅज बीन’ घाला. मग पुढं काय दिलं, कुणाला दिलं, किती वाजता, कुणी, सगळं आलं पाहिजे. उठा मगदूम सिस्टर, करा एक वाक्य."

मी उठले. उठले म्हणजे बाकाला धरून उठले, आदल्या दिवशी डबल ड्यूटी झाली होती आणि टाचा ठणकत होत्या. दवाखान्याच्या धुणीघराशेजारच्या खोलीत आम्ही अकराजणी नर्सेस शाळेतल्या पोरींसारख्या बसलो होतो, आणि त्यात मी सगळ्यांत थोरली, बेचाळीस वर्षांची.

"दि इंजेक्शन गेव्ह..." मी म्हणाले.

"गेव्ह नाही."

"गिव्हन."

"नुसतं गिव्हन नाही."

"मग राहू दे सर, देतच नाही मी ते इंजेक्शन!"

सगळ्या फिदीफिदी हसल्या. सरही हसले आणि हसता हसता त्यांना खोकला लागला. बत्तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवून बिचारे रिटायर झाले होते, आणि आता आमच्यासारख्या घोड्या त्यांच्या नशिबी आल्या होत्या. माझ्या शेजारी फिलोमिना बारदेस्कर बसली होती. ती हळूच कुजबुजली, "वॉज गिव्हन, अक्का. टु द पेशंट." मी तिचं ऐकून म्हटलं, सर ‘व्हेरी गुड’ म्हणाले आणि मी धाडकन खाली बसले.

ह्या गोष्टीला आता वीस वर्षं होतील. गडहिंग्लजला एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी पुरुषांच्या वॉर्डात होते. त्या वर्षी ट्रस्टला कसलंसं मानांकन हवं होतं, आणि त्यासाठी पुण्याहून तपासणीची कमिटी येणार होती. कमिटी म्हणे माणसं कमी आणि कागद जास्त बघते. आमचे कागद कसले? कुणी ‘गिव्हड’ लिहिलंय, कुणी ‘गेव्हन’, कुणी नुसताच ‘जी’ काढून खाली सही ठोकलीय. चेअरमनसाहेबांनी एक फाइल उघडली आणि कपाळाला हात लावला. म्हणून हा वर्ग. होनगेकर मेट्रनबाईंनी फर्मान काढलं, की प्रत्येक औषधापुढं पूर्ण इंग्रजी वाक्य पाहिजे, आणि सरांच्या परीक्षेत जी चांगली पास होईल तिचाच वॉर्ड इनचार्जच्या जागेसाठी विचार होईल.

त्या जागेची मी नऊ वर्षं वाट बघत होते. इनचार्जला फक्त दिवसपाळी असते, डबल ड्यूटी नाही, आणि मुख्य म्हणजे बसायला खुर्ची असते. लोकांना वाटायचं, शालन मगदूमला मान हवाय. मान कसला घेऊन बसलात! मला ती खुर्ची पायांसाठी हवी होती.

आमच्या कामाची एक पद्धत मात्र शिंत्रे सरांना ठाऊक नव्हती. दुपारी दोनला ड्यूटीवर आलं, की आम्ही पहिल्यांदा बत्तीस पेशंटांचे कागद पुढ्यात घेऊन बसायचो आणि रात्री आठपर्यंतची सगळी औषधं दिली म्हणून लिहून टाकायचो, वेळ घालून, खाली सही करून. मग उठायचं आणि एकेक देत सुटायचं. कारण एकदा का वॉर्ड सुरू झाला, की लिहायला सवड कुणाला? एकाचं सलाइन संपतं, एकाला ओकारी होते, एकाचे नातेवाईक भांडायला येतात. दोघी नर्सेस आणि बत्तीस खाटा. औषध द्यायचं राहिलं तर निभावून न्यायचं कसंही, पण लिहायचं राहिलं तर मेट्रन सोलून काढायची.

फिलो नवी आली तेव्हा पहिल्या दिवशी तिचा हात अडला होता. आजऱ्याची पोरगी, कॉन्व्हेंटात शिकलेली.

"अजून दिलं नाही ना, अक्का?" तिनं विचारलं होतं.

"देणारच आहोत ना? का पळून जाणार आहोत?" मी म्हटलं. "आधी लिही, मग दे. माझ्या सिनियरनं मला असंच शिकवलंय."

तीही मग शिकली. औषध खरंच दिलंय का, हे कागदाला विचारायची सोयच नव्हती. ते आम्ही एकमेकींना तोंडानं विचारायचो. "चार नंबरला दिलं गं?" "दिलं." संपलं. आधी नुसतं ‘गिव्हन’ लिहायचं तेव्हा पंधरा मिनिटांत उरकायचं. सरांची लांबलचक वाक्यं आल्यापासून तासभर जायला लागला, आणि मी करवादायला लागले.

फिलोला सव्वा महिन्यात आमच्याकडं तीन वर्षं पूर्ण होणार होती. तीन वर्षांचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला मिळाला, की ती मस्कतला जाणार होती. तिची मावशी तिथल्या दवाखान्यात होती आणि तिनं सगळं जमवून ठेवलं होतं. वडील नव्हते, पाठच्या दोन बहिणी शिकायच्या होत्या. पासपोर्ट आल्या दिवशी तिनं तो वॉर्डात आणून पेशंटांना दाखवला होता. चौदा नंबरचे दुंडाप्पा आजोबा तिच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "ह्यात हसली न्हाईस का गं?" ती म्हणाली, "हसायचं नसतं आजोबा, सरकारी असतं."

दुंडाप्पांना साखरेचा आजार होता. पायाच्या जखमेसाठी ॲडमिट होते. संध्याकाळी सहाला जेवणाची गाडी यायची, म्हणून साडेपाचला त्यांना इन्शुलिन द्यायचं. वॉर्डात तेव्हा इन्शुलिनचे तेवढे एकच पेशंट.

त्या गुरुवारी दोनला आले, कागद पुढ्यात घेतले आणि लिहिलं. चौदा नंबरच्या कागदावर, सरांनी शिकवलं तसं एकेक अक्षर कोरून, ‘दि इन्शुलिन इंजेक्शन वॉज गिव्हन टु द पेशंट ॲट फाइव्ह थर्टी पी. एम. बाय सिस्टर मगदूम.’ खाली सही. तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात सव्वादोन वाजले होते.

साडेचारला परीक्षा होती. फिलोची आदल्या दिवशीच झाली होती, वीसपैकी वीस. मी पदर खोचला आणि तिला म्हटलं, "जाते गं. बघ जरा सगळं."

"जावा अक्का, बिनघोर जावा," ती म्हणाली. "‘गिव्हन’च्या आधी ‘वॉज’ विसरू नका म्हणजे झालं."

परीक्षा मोठी होती. वीस वाक्यं करायची, सगळी ‘गिव्हन’ची. तास झाला, सव्वा तास झाला, माझा घाम निघाला. पावणेसहाला सरांनी घड्याळाकडं बघून पेपर गोळा केले. माझा तिथंच तपासला. लाल पेन खाली आलं, खाली आलं, दोनदाच थांबलं.

"वीसपैकी अठरा," सर म्हणाले. "सिस्टर, कमाल केलीत हो तुम्ही!"

काय सांगू, मला भरून आलं. मॅट्रिकलाही मला कुणी असं म्हटलं नव्हतं. टाचांचं दुखणं कुठल्या कुठं पळालं. वॉर्डात आले तर पलीकडच्या टोकाला तीन नंबरच्या पेशंटला धाप लागली होती आणि फिलो रेडेकर डॉक्टरांबरोबर त्याला ऑक्सिजन लावत होती. जेवणाची गाडी यायची वेळ झालेली. मी इन्शुलिन भरलं, चौदा नंबरकडं गेले, दिलं.

फिलोला विचारलं नाही. पंचवीस पावलं जाऊन "दिलं गं?" एवढं विचारायचं होतं, ते विचारलं नाही.

सातच्या सुमाराला दुंडाप्पा घामानं भिजले. शेजारचा पेशंट ओरडला म्हणून मी धावले, तर त्यांचे डोळे फिरलेले, हाक मारली तर हुं नाही की चूं नाही. रेडेकर डॉक्टर धावत आले. ते आमचे सुपरिंटेंडंट, माणूस हुशार पण तोंडाचा तिखट. साखर तपासली तर तळाला गेलेली. शिरेतून ग्लुकोज सुरू केलं, आणि सलाइन धरून उभ्या उभ्याच त्यांनी विचारलं, "इन्शुलिन कुणी दिलं?"

"मी दिलं, सर," फिलो लगेच म्हणाली. "साडेपाच वाजून गेले होते. पाच-दहा मिनिटं वर झाली असतील."

तिनं दिलं, आणि मीही दिलं. एका माणसाच्या अंगात दोघींचं गेलं होतं.

डॉक्टरांनी कागद ओढला. "हे काय? साडेपाचला मगदूम सिस्टरनी दिलंय. पूर्ण वाक्यात लिहिलंय, इंग्रजीत लिहिलंय. तुला वाचता येत नाही?"

फिलोनं माझ्याकडं बघितलं. मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. सर, ते मी दोनला लिहिलं होतं, आणि सुई मी हिच्यानंतर टोचली, एवढंच. पण डॉक्टर म्हणाले, "पाय वर धरा ह्यांचे," आणि मी मुकाट्यानं पाय वर धरले.

दुंडाप्पांना तासाभरात थोडी शुद्ध आली, पण ती पुन्हापुन्हा जात होती. त्यांना आयसीयूत हलवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नीट डोळे उघडून बघायला लागल्याचं कळलं तेव्हा मी धुणीघरामागं जाऊन रडले, आणि ठरवलं, आता जाऊन सांगायचं. काय व्हायचं ते होऊ दे.

डॉक्टरांच्या केबिनच्या दारातच मेट्रनबाईंनी मला धरलं. हाताला धरून साठवणीच्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

"काय सांगणार आहेस?" त्यांनी विचारलं.

"खरं ते. दोनला लिहिलं होतं म्हणून."

"म्हणजे आपल्या दवाखान्यात न देताच लिहितात म्हणून. होय ना? अगं, तुझ्या एका कागदाचा प्रश्न आहे का? सहा वॉर्ड आहेत. एक कागद खोटा म्हटलास की सगळे खोटे झाले. पंधरा दिवसांवर कमिटी आलीय. चाळीस पोरी घरी बसतील, शालन, आणि तुला ते लिहायला कुणी शिकवलं म्हणून विचारलं तर माझं नाव घेशील?"

त्या बरोबर बोलत होत्या. माझी सिनियर म्हणजे होनगेकर बाईच.

"फिलोचं काय?" मी म्हटलं.

"ती चोवीस वर्षांची आहे. कुठंही चिकटेल. तुला ह्या वयात कोण घेणार? ही पायांची अवस्था." मग त्यांचा आवाज खाली आला. "मलाही बरं वाटत नाही गं. पण मी तरी काय करू, तूच सांग."

मी फार थकले होते, आणि खरं सांगायचं तर, कुणीतरी अडवलं म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं होतं. बाई म्हणाल्या, "जा, निवेदन लिही," आणि मी गेले.

अकरा वाजता केबिनमध्ये चौकशी बसली. रेडेकर डॉक्टर, मेट्रनबाई, एका बाजूला मी, समोर फिलो. आणि कोपऱ्यात शिंत्रे सर. अहवाल इंग्रजीत फाइलला लावायचा होता आणि तो कमिटी वाचणार होती, म्हणून भाषा तपासायला त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. लाल पेन खिशाला होतंच.

"लिहिलं का नाहीस?" डॉक्टरांनी फिलोला विचारलं. "दिलंस म्हणतेस, मग कागदावर तुझी नोंद कुठाय?"

"आधीच लिहिलेलं होतं, सर."

"आधीच लिहिलेलं होतं म्हणजे दिलेलं होतं!"

"नाही सर. आम्ही दोनलाच लिहून ठेवतो. सगळ्याच. अक्कांना विचारा."

डॉक्टर टेबलावरचा कागद सरळ करत बसले. त्यांना ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. इतकी वर्षं दवाखाना चालवणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसतं होय?

"काय वाट्टेल ते बोलू नकोस, फिलोमिना," मेट्रनबाई म्हणाल्या. "स्वतःच्या चुकीपायी दवाखान्याला बट्टा लावतेस?"

डॉक्टरांनी माझं निवेदन सरांकडं सरकवलं. सरांनी चष्मा पुसला, घातला, आणि सावकाश वाचलं. सात ओळी होत्या. मी त्या स्वतः लिहिल्या होत्या, कुणालाही न विचारता. पेन हातात धरून सर शेवटापर्यंत गेले आणि परत वर आले.

"भाषेत चूक नाही," ते म्हणाले. मग जरा थांबले. "पण डॉक्टर, ह्यात साडेपाचला ह्यांनी इंजेक्शन दिलं असं म्हटलंय. साडेपाचला मगदूम सिस्टर माझ्यासमोर पेपर लिहीत होत्या."

"तुमचं घड्याळ पुढं असेल, सर," डॉक्टर म्हणाले.

"घड्याळ तुमच्याच दवाखान्याचं आहे."

"सर, तुम्ही भाषेपुरतं बघा ना."

सर माझ्याकडं वळले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, वर्गात विचारायचे तसंच त्यांनी विचारलं. "सिस्टर, तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल ते मी धरीन."

फिलो माझ्याकडं बघत होती. तिला माझ्याबद्दल शंकाच नव्हती हो! हिच्या तोंडून आता खरं येणार आणि सगळं मिटणार, असा चेहरा करून ती बसली होती. मावशी, मस्कत, दोन बहिणी, सगळं माझ्या एका वाक्यावर आलं होतं, आणि ते वाक्य मराठीत बोलायचं होतं.

"मी मध्येच उठून गेले होते, सर," मी म्हणाले. "पाच मिनिटांसाठी. इंजेक्शन देऊन परत आले."

"अक्का?" फिलो म्हणाली.

मी टेबलाकडं बघत राहिले. सरांनी लाल पेनाला टोपण लावलं.

"असेल," ते म्हणाले. "माझं लक्ष नसेल."

दुपारी फिलोला कामावरून काढलं. दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात काय लिहिलं ते मी बघितलं नाही, पण त्या दाखल्यावर मस्कतला कुणी घेतलं नसतं एवढं मला ठाऊक आहे. जाताना ती वॉर्डात आली नाही. पुढं ती बेळगावकडं कुठल्याशा नर्सिंग होममध्ये लागली असं ऐकलं, तेही एकदाच. शिंत्रे सर दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत. दम्याचा त्रास वाढला म्हणून निरोप आला. कमिटी आली, तिनं कागद बघितले, नोंदी उत्तम आहेत म्हणाली. पुढच्याच महिन्यात मी इनचार्ज झाले, आणि सोळा वर्षं त्या खुर्चीत बसून रिटायर झाले. दोनला लिहायची पद्धत माझ्या वॉर्डात मी बंद केली, पण ती फिलो गेल्यावर.

दुंडाप्पांचं एक मी अजून सांगितलेलं नाही. कुणालाच सांगितलेलं नाही.

चौकशीनंतर आठ-नऊ दिवसांनी त्यांना घरी सोडलं. धोतर नेसून, पटका बांधून खाटेवर बसले होते. लेक रिक्षा बघायला खाली गेली होती. मी औषधं समजावून द्यायला गेले तर त्यांनी हातानं जवळ बोलावलं.

"बाई, त्या दिवसाचं मी कुनाला बोललो न्हाई हं," ते हळूच म्हणाले.

"कुठलं, आजोबा?"

"तुम्ही सुई घिऊन आला, तवा मी म्हनलं न्हवं का, आत्ताच टोचलं त्या पोरीनं म्हनून. तुम्ही म्हनला, गप पडा आजोबा, मला शिकवू नका."

मी म्हणाले होते. त्यांनी सांगितलं होतं आणि मी नीट ऐकलंही होतं. पण डोक्यात वीसपैकी अठरा होते.

"डाक्टर आल्ते इचारायला," ते म्हणाले. "मी म्हनलं, काय ध्यानात न्हाई बघा. म्हनलं, वयस्कर बाई हाय, पायानं अधू, उगंच तिची नोकरी जायाची."

त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. मग खाट धरून उठले आणि वॉर्डाच्या दोन्ही टोकांना बघून आले.

"ती पोरगी काय दिसंना मला," ते म्हणाले. "तिला सांगून जावं म्हनत होतो. कवा येती ती?"

"तिची ड्यूटी बदलली, आजोबा," मी म्हणाले, आणि गोळ्यांची पाकिटं त्यांच्या पिशवीत भरून दिली.